अंजनीला निळं यायला दहा वर्षं लागली

फेब्रुवारी लागला की मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जाते आणि अंजनीच्या फांदीवरून बोट फिरवते. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतं. जुन्या, पानं गळून गेलेल्या फांदीवर पेरांच्या जागी गाठी असतात, त्या एरवी नुसत्या खरखरीत लागतात, पण एखाद्या सकाळी तिथे मोहरीपेक्षाही बारीक असं काहीतरी लागतं, कणीसारखं, आणि मग चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं की दिसतं, कळ्या आल्यात. हिरवट, मग दोनचार दिवसांनी गुलाबीसर. अजून तीन आठवडे लागणार असतात, पण माझा तो अख्खा दिवस चांगला जातो.

हे झाड म्हणजे अंजनी. काही ठिकाणी अंजन पण म्हणतात आणि त्या नावाने मला केवढा घोळ सोसायला लागला ते पुढे सांगते. शास्त्रीय नाव मेमेसायलॉन अंबेलेटम. महाबळेश्वरला, माथेरानला गेलेल्या प्रत्येकाने हे झाड पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंनी जी बुटकी, गर्द, चकचकीत पानांची सावली असते ना, तिच्यात अंजनी भरपूर असते. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर या माथ्यावरच्या सदाहरित जंगलाला अभ्यासक जे नाव देतात तेच मुळी तीन झाडांवरून दिलेलं आहे, अंजनी, जांभूळ आणि पिसा. म्हणजे कोपऱ्यात कुठेतरी चुकून उगवलेलं हे झाड नाही, तिथल्या जंगलाची ओळख आहे ती. आणि तरी आपल्या बागांमध्ये नाही. मला याचं फार वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

मला अंजनी दाखवली माझ्या सासूबाईंनी. आम्ही पुण्यात राहतो, गावाच्या जरा बाहेर, रो-हाऊस आहे, मागे साधारण पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा. आईंचं माहेर जावळीकडचं. २०१० च्या मार्चमध्ये त्यांच्या भावाकडे गेलो होतो आणि घरामागच्या उतारावर एक झाड असं काही फुललं होतं की मी चालता चालता थांबले. निळं. जांभळं नाही हं, निळं, त्यात किंचित जांभळी झाक. आणि फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, फांदीलाच लागलेली, पार खोडाजवळपर्यंत गुच्छच्या गुच्छ, जणू कोणी काटक्यांना निळी लोकर गुंडाळली आहे. मी विचारलं, अहो आई, हे काय झाड आहे? त्या म्हणाल्या, "अगं, ही अंजनी. आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, काठी हिचीच होती." बस, एवढंच. त्यांच्या दृष्टीने यात थांबण्यासारखं काही नव्हतं, लहानपणापासून सरपणाला आणि काठीला बघितलेलं झाड.

ती काठी अजून त्यांच्या माहेरी आहे. संध्याकाळी मी ती हातात घेऊन बघितली. दिसायला बारीक पण हाताला जड, भलतीच जड, आणि वरची मूठ हात लागून लागून गुळगुळीत काळसर झालेली. अंजनीचं लाकूड फार कठीण असतं, इंग्रजीत या जातीच्या झाडांना आयर्नवूड म्हणतात ते उगाच नाही. आणि लाकूड इतकं घट्ट म्हणजे झाड सावकाश वाढणार हे ओघानेच आलं, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला फक्त ते निळं हवं होतं, आमच्या मागच्या अंगणात.

मग सुरू झाली शोधाशोध. पुण्यात नर्सऱ्यांना तोटा नाही. पाच ठिकाणी विचारलं, चार ठिकाणी नावच माहीत नाही, म्हणे मॅडम जॅकरंडा न्या, निळंच आहे, पटकन वाढतं. पाचव्या ठिकाणी माणूस म्हणाला, अंजन ना, आहे की. मी दोन रोपं घेऊन आले, कुंडीत लावली, वर्षभर मनापासून सांभाळली. पानं मला जरा वेगळी वाटत होती, दोन-दोन पानं देठाशी जोडलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी, साधारण आपट्याची आठवण करून देणारी, पण मी मनाची समजूत घातली की लहानपणी पानं वेगळी असतील. आई बघून म्हणाल्या, ही आमची नव्हे. एकाच वाक्यात निकाल. मग चौकशी केल्यावर कळलं की खानदेश-विदर्भात अंजन म्हणतात ते झाड पूर्ण निराळं, हार्डविकिया बायनाटा, शेंगवर्गीय, कोरड्या पानझडी रानातलं, चांगलं उंच वाढणारं. म्हणजे त्या माणसाने मला फसवलं असं म्हणता येत नाही, त्याच्याकडचं ते अंजनच होतं, पण वर्ष गेलं ते गेलंच. ती दोन्ही रोपं मी चाळीसगावकडच्या एका मैत्रिणीच्या शेताच्या बांधावर पाठवून दिली, तिकडे ती आपल्या मुलखात आहेत, जोमात वाढली आहेत.

हे मी एवढं सविस्तर लिहिते कारण कोणी माझं वाचून झाड आणायला गेलं तर त्याचं वर्ष वाया जाऊ नये. पान बघा. अंजनीचं पान समोरासमोर जोडीने येतं, जाड, चामड्यासारखं, वरून तेल लावल्यासारखं चमकणारं, आणि मुख्य खूण म्हणजे मधली शीर सोडली तर बाकी शिरा दिसतच नाहीत. उजेडाकडे धरून बघा, नुसतं गुळगुळीत हिरवं. एकदा हे लक्षात बसलं की चूक होणार नाही.

शेवटी बी लावायचं ठरवलं. २०१३ च्या मे महिन्यात मामांनी, म्हणजे आईंच्या भावाने, त्यांच्या परसातल्या झाडाची पिकलेली फळं एका स्टीलच्या डब्यात घालून पाठवली. (जंगलातून फळं, बिया गोळा करून आणू नका, कृपा करून. संरक्षित वनातून असं काही उचलता येत नाही आणि तिथल्या पाखरांचं ते खाणं आहे. कोणाच्या तरी घरामागे, बांधावर असतं झाड, विचारलं की लोक आनंदाने देतात.) फळ वाटाण्याएवढं, काळं-जांभळं, वर छोटासा मुकुट असतो, फुलाच्या वाटीची कड तशीच राहिलेली. आत एकच बी. गर काढून धुऊन लगेच पेरायच्या, वाळवून डबीत ठेवून पुढच्या वर्षी लावू असं करायचं नाही, असं मामांनी फोनवर तीनदा सांगितलं म्हणून मी त्याच संध्याकाळी बसले. तीस बिया, तीस पिशव्या. निम्मी माती, निम्मा मुरूम, वर थोडा पालापाचोळा.

जून गेला, जुलै गेला. पिशव्यांमधून आघाडा आला, दुर्वा आल्या, कोठून तरी एक टोमॅटो पण आला. अंजनी नाही. ऑगस्टच्या शेवटी मी पिशव्या रिकाम्या करायला घेतल्या होत्या तेव्हा एकीत माती जराशी उचललेली दिसली. मी पिशवी जागच्या जागी ठेवली आणि दोन दिवस तिकडे फिरकले पण नाही, धक्का लागेल म्हणून. मग आली दोन पानं, जाड, छोटी, बाळाच्या नखासारखी. तीसमधली अकरा उगवली. त्यातली सहा पहिल्या उन्हाळ्यात गेली, ती माझ्या अति पाण्यामुळे, हे नंतर कळलं. उरलेल्या पाचातली दोन मी माझ्याकडे ठेवली आणि तीन वाटली.

इथे जागेचं थोडं सांगायला हवं. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या पुण्यात जेमतेम ७०० च्या आसपास. कोणालाही वाटेल की मग या झाडाला इथे पाणी पाणी करायला लागणार. मलाही तेच वाटलं. पण तिकडचा तो सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि जांभा दगडावरून वाहून जातो, माती कुठे वीतभर, कुठे तेवढीही नाही, आणि मग पुढचे आठ महिने तेच झाड त्याच कातळावर वारा खात उन्हात उभं असतं. म्हणजे त्याला पाणी चालतं पण मुळाशी तुंबलेलं चालत नाही. आणि आमच्या अंगणात काय, तर बिल्डरने टाकलेली काळी माती, पावसाळ्यात लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. २०१५ च्या जूनमध्ये रोपं जमिनीत लावली आणि ऑक्टोबरपर्यंत एक गेलं. उपटून बघितलं तर मुळं काळी पडून कुजलेली.

उरलेलं एक वाचवायचं म्हणून मग मी ते मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचललं. जमिनीच्या वर दीड फुटाचा ओटा केला, खाली विटांचे तुकडे, मग मुरूम, मग मुरूम-माती-कुजलेला पाला असं मिश्रण, आणि मामांच्या गोठ्याच्या पडक्या भिंतीतले जांभ्याचे चार दगड कडेने लावले. त्या दगडांचा झाडाला शास्त्रीयदृष्ट्या किती उपयोग झाला माहीत नाही, पण मला बरं वाटलं, ओळखीचं काहीतरी जवळ आहे तिच्या. त्यानंतर शेणखत बंद, युरिया तर कधीच नाही, वर्षातून एकदा तिचाच गळलेला पाला तिच्याच बुडाशी. पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. बास.

आणि मग ती वाढायला लागली असं लिहायला मला आवडलं असतं, पण अंजनी वर्षाला चार बोटं वाढायची. कधी सहा. आजूबाजूचे लोक आपापल्या अंगणात आणतात ती झाडं दोन वर्षांत कंपाउंडच्या वर जातात. आमच्याकडे कोणी आलं की विचारायचं, हे काय लावलंय, मी सांगायचे अंजनी, मग विचारायचे, उपयोग काय? फळं खातात का? औषधी आहे का? मी सांगायचे, पानांपासून पिवळा रंग निघतो, लाकूड कठीण असतं, फळं मुलं खातात. पण मला ते उत्तर देताना आतून बरं वाटायचं नाही. उपयोगाची यादी दिल्याशिवाय एका झाडाला पंधरा बाय वीसमध्ये जागा मिळू नये का? सोसायटीच्या बैठकीत एकदा असंही निघालं की मागच्या बाजूची "जंगली" झाडं काढून सगळीकडे एकसारखे पाम लावू या, दिसायला नीट दिसेल. मी त्या दिवशी बरंच बोलले, आवाजही चढला माझा. झाड राहिलं.

वर्षं अशीच गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पहिल्यांदा तिच्याजवळ रोज बसायला लागले, खुर्ची टाकून, काही न करता. तेव्हा कंबरेपर्यंत आली होती. तेव्हा समजलं की नवीन पालवी कशी येते, कोवळी पानं तांबूस, लुसलुशीत, आणि दोन आठवड्यांत ती कशी घट्ट होत जातात, रंग पालटत जातो. पावसात पानावर थेंब थांबत नाही, घरंगळतो. रात्री बाहेरचा दिवा लावला की प्रत्येक पान तेवढं तेवढं चमकतं, आमच्या देवघरातल्या समईच्या पितळेसारखं. आई तेव्हा घरातल्या घरात कंटाळलेल्या, त्याही येऊन बसायच्या, आणि मग माहेरच्या गोष्टी निघायच्या. करवंदांच्या जाळ्या, तोरणं, आळवाची फळं, वारा सुटला की घरावरची कौलं दोरीने बांधायची, वडिलांची काठी. मी लग्न होऊन आल्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

२०२३ चा मार्च. बी लावून दहा वर्षं होत आलेली. मी कळ्या बघितल्याच नव्हत्या, खरं सांगते, तेव्हा बोट फिरवायची सवय नव्हती. नऊ तारखेला सकाळी आईंनीच हाक मारली, "अगं, इकडे ये, तुझी अंजनी." धावत गेले. तीन फांद्यांवर, फक्त तीन, फांदीला चिकटून निळे ठिपके. मी तिथे जमिनीवरच बसले.

एक फूल मी अगदी जवळून बघितलं. करंगळीच्या नखाएवढंही नाही. खाली गुलाबीसर इवलीशी वाटी, त्यावर चार निळ्या पाकळ्या, मागे वळलेल्या, आणि मधून आठ पुंकेसर बाहेर आलेले, ते सुद्धा निळेच, टोकाशी किंचित वाकलेले. देठ सगळे एका बिंदूतून निघतात, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे, शास्त्रीय नावातलं अंबेलेटम ते त्यावरून. असे पंधरा-वीस मिळून एक गुच्छ आणि असे गुच्छ प्रत्येक पेरावर. वास फार नाही, नाक अगदी जवळ नेलं तर मंद, गोडसर.

पाच दिवस टिकलं. सहाव्या दिवशी सकाळी ओटा आणि खालची फरशी निळी, सडा घातल्यासारखी, आणि दुपारच्या उन्हात ते निळं राखाडी होऊन वाऱ्यावर गेलं. पाच दिवसांसाठी दहा वर्षं असं एक जण म्हणाले. मला तो हिशोब मान्यच नाही, कारण मधल्या दहा वर्षांत ती तिथे नव्हती असं थोडंच आहे.

त्या पाच दिवसांत जे आलं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. आमच्या परिसरात मधमाश्या कमी झाल्यात असंच मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून झाडाभोवती गुणगुण. फुलोऱ्या माश्या आल्या, त्या बारक्या, सातेरी आल्या, चारदोन आग्या पण आल्या, एक मोठा काळा भुंगा आला जो बसला की गुच्छच खाली वाकायचा. कुठून आल्या, कोणी सांगितलं यांना? शेजारी जॅकरंडा आहे, गुलमोहर आहे, काशीद आहे, तिन्ही बाहेरची, एक दक्षिण अमेरिकेतलं, एक मादागास्करचं, एक आग्नेय आशियातलं. त्यांच्यावर पण माश्या जातात, नाही असं नाही, पण साडेचार फुटांच्या झाडावर एवढी गर्दी मी बघितली नव्हती. महाबळेश्वर भागात मधाचा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या आहे, तिथलं मांघर हे तर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आणि तिकडचे मधपाळ मधमाश्यांच्या उपयोगाची म्हणून जी झाडं सांगतात त्यात जांभूळ, हिरडा, कारवी, गेळा यांच्याबरोबर अंजनी असते. आई म्हणाल्या, आमच्याकडे अंजनी फुलली की पेट्या जड व्हायला लागायच्या. हे त्या इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या, झाड फुलल्यावर आठवलं त्यांना.

पहिल्या वर्षी फळं सातच धरली. हिरवी, मग पिवळट, मग तांबूस, मग मे महिन्यात काळी-जांभळी. मी एक खाल्लं. साल आणि गर मिळून पातळसा थर, तुरट, मागून गोड, जीभ जांभळी. करवंदासारखी चव नाही, जांभळासारखीही नाही, तुरटपणाच जास्त. एक आईंना दिलं, त्यांनी तोंडात टाकलं, बी बराच वेळ तोंडातच घोळवत बसल्या आणि मग हातावर काढून मला परत दिली, "लाव." उरलेली पाच लालबुड्या बुलबुलांनी खाल्ली, जोडी होती, आळीपाळीने यायची, फळ तोडून शेजारच्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर बसून गिळायची. गेल्या वर्षी फळं भरपूर होती तेव्हा तांबट आला, चष्मेवाल्या पक्ष्यांचा थवा आला. मी एकही तोडलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण एकच आहे. घराजवळ लावायला छोटी, जागेत मावणारी, फुलणारी-फळणारी झाडं आपल्या सह्याद्रीत हवी तेवढी आहेत. अंजनी आहे, गेळा आहे, तोरण आहे, आळू आहे, जरा जागा असेल तर कुंभा आहे. ती बाजारात मिळत नाहीत कारण ती सावकाश वाढतात आणि तीन-चार वर्षं रोप सांभाळून शंभर रुपयाला विकणं कोणालाच परवडत नाही, त्यात नर्सरीवाल्याचा दोष नाही. मग ती कोणी वाढवायची? आपणच, ज्यांना विकायचं नाही त्यांनी. एक ओटा, मुरूम आणि मूठभर ताज्या बिया, यापलीकडे काही लागत नाही. हो, वेळ लागतो. पण तो तसाही जातोच ना. २०१३ मध्ये मी बी पेरलं नसतं तरी २०२३ आलंच असतं.

आई आता ८४ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, मागच्या पायऱ्या उतरवत नाहीत, त्यामुळे दारातच खुर्ची टाकून बसतात आणि मला विचारतात, कळ्या धरल्या का. अंजनी साडेसहा फूट झाली आहे, यंदा जवळजवळ सगळ्या जुन्या फांद्यांवर फुलं होती आणि मामांच्या नातवाला व्हिडिओ कॉल करून त्यांनीच झाड दाखवलं, त्यांच्या गावच्या माणसाला त्यांच्या गावचं झाड.

परवा तुळशीची कुंडी निगुतीने साफ करत होते. मंजिऱ्या पडून खूप बारीक तुळशी उगवल्या होत्या, त्या उपटत होते, आणि कुंडीच्या कडेला, जिथे बुलबुल येऊन बसतात तिथे, दोन पानं दिसली. तुळशीची नव्हेत. जाड, छोटी, वरून चकचकीत. मी एक पान नखाच्या टोकाने हलकेच उचलून उजेडाकडे धरलं, मधली शीर आणि बाकी नुसतं हिरवं. दारातून आईंनी विचारलं, काय गं, काय सापडलं? मी कुंडी उचलून त्यांच्यापाशी नेली. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, "जूनपर्यंत हात लावू नकोस हिला."